कुंकू काळं आलं तेव्हा: सोलापुरातल्या एका प्रोसेस कॅमेऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात, दोन्ही अंगांना यंत्रमागांचा खडखडाट असलेल्या गल्लीत हा छापखाना आहे. मालकांच्या अटीप्रमाणे त्याचं नाव गाळलं आहे. चादरींची लेबलं, विडी बंडलांचे कागद, लग्नपत्रिका, गड्ड्याच्या यात्रेची पोस्टरं अशी कामं इथे होत आली. ज्या गावातून दाते पंचांग निघतं, त्या गावात छापखान्यांचं काही अप्रूप नाही. पण या छापखान्यात स्वतःचं कॅमेरा डिपार्टमेंट होतं, आणि मालक अजूनही ते छाती फुगवून सांगतात.

त्यांच्या वडिलांनी १९८४ मध्ये मुंबईहून एक वापरलेला प्रोसेस कॅमेरा आणून बसवला. बसवला हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण हा कॅमेरा गळ्यात अडकवायचा नव्हे. साडेतेरा फुटी लोखंडी रूळ, रुळांच्या एका टोकाला काचेची कॉपी-फ्रेम (ज्याची नक्कल काढायची तो कागद धरणारी चौकट), मध्ये लेन्सचा फळा, त्यामागे हातभर रुंद काळा भाता. भात्याच्या मागची बाजू भिंत फोडून थेट डार्करूममध्ये गेलेली. म्हणजे डार्करूम हीच कॅमेऱ्याची पेटी. ऑपरेटर आत लाल दिव्यात उभा राहून पाठीमागच्या पाटीवर फिल्म लावणार आणि दार बंद करणार. बाहेर हजार-हजार वॉटचे चार हॅलोजन लागणार, टायमर संपला की विझणार. लेन्सला शटर नाहीच.

त्याचं काम एकच होतं: सपाट कागदावरचं चित्र किंवा अक्षर हव्या त्या टक्क्यात लहान-मोठं करून लिथ फिल्मवर, म्हणजे छपाईसाठीच्या निव्वळ काळ्या-पांढऱ्या फिल्मवर, उतरवणं. फोटो असेल तर मध्ये बारीक जाळीची स्क्रीन घालून त्याचे हाफटोनचे ठिपके पाडणं, म्हणजे राखाडी छटा लहानमोठ्या ठिपक्यांत मोडणं. (या ठिपक्यांच्या गणितात आपल्याकडच्या माणसानेही डोकं घातलं होतं. कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर राय, म्हणजे सत्यजित राय यांचे आजोबा, यांचे हाफटोनवरचे लेख लंडनच्या पेनरोज या छपाईविषयक वार्षिकात छापून आले होते.) या कॅमेऱ्यावरची लेन्स निकॉनची आपो-निक्कॉर, ४८० मिलिमीटर, एफ/९ (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र लहान). ती लांबचा डोंगर टिपायला केलेली नाही. हातभर अंतरावरचा कागद कडेपासून कडेपर्यंत सारखा धारदार उतरवायला केलेली आहे. ही गोष्ट आम्हाला आधीच नीट कळली असती, तर पुढचे सहा महिने वाचले असते.

२००३ नंतर फिल्म पुण्याहून तयार होऊन येऊ लागली, पुढे फिल्मही गेली आणि संगणकावरून थेट छपाईची प्लेट आली. कॅमेऱ्याच्या खोलीत कागदाची रिमं चढली. कॉपी-फ्रेमवर कुणीतरी छत्र्या वाळत घालायचं.

अडचण

२०२३ च्या एप्रिलमध्ये मालकांनी जागा विकून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शेड घ्यायचं ठरवलं. जुनी जागा पुढच्या मार्चअखेर रिकामी करायची होती. भंगारवाला येऊन रूळ ठोकून बघून गेला. त्याच्या अंदाजाने साडेसहाशे किलो लोखंड, आणि भाव किलोवर. दुसरीकडे मुंबईचा एक जुन्या लेन्सांचा व्यापारी नुसत्या लेन्ससाठी भंगाराच्या दुपटीहून जास्त द्यायला तयार होता. अशा लेन्स मोठ्या व्ह्यू कॅमेऱ्यावर (भात्याच्या मोठ्या फिल्म कॅमेऱ्यावर) लावणारे लोक जगभर आहेत, त्यामुळे त्याचा भाव काही वेडेपणाचा नव्हता.

मालकांची मुलगी पुण्यात डिझाइन शिकून नुकतीच परतली होती. तिचं म्हणणं, जायच्या आधी या कॅमेऱ्यावर माणसांचे फोटो काढायचे. गल्लीतल्या विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, बारा बाय पंधरा इंचांच्या निगेटिव्हवर. मी लग्नाचे फोटो काढतो आणि फावल्या वेळात मुलांना डार्करूम शिकवतो, म्हणून तिने मला बोलावलं. तिसरे अण्णा. एकाहत्तर वर्षांचे, या कॅमेऱ्यावर एकोणीस वर्षं काढलेले. मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच वाक्यात बोलणारे.

अण्णांनी पहिल्याच दिवशी रुळावर हात ठेवून सांगितलं होतं, "अक्का, ह्यो फोटो काढत नाही. ह्यो कॉपी काढतो की."

आम्ही हसलो आणि पुढे गेलो.

पर्याय

चार मार्ग समोर होते. पहिला, सगळं भंगारात. दुसरा, लेन्स विकून बाकीचं भंगारात. तिसरा, लेन्स काढून लाकडी पेटीचा सुटसुटीत कॅमेरा बांधायचा. चौथा, आहे त्या जागी, आहे तसा, मार्चपर्यंत वापरायचा.

तिसरा मार्ग मला पटत होता. सुतार ओळखीचा होता आणि पेटी बाहेरही नेता आली असती. पण मुलीचा एक मुद्दा बिनतोड होता. पेटी पुढच्या वर्षीही बांधता येईल, लेन्स कुठे पळून जात नाही. भिंत, डार्करूम आणि अण्णा मात्र मार्चनंतर एका जागी मिळणार नाहीत. चौथा मार्ग ठरला. मालकांनी व्यापाऱ्याला मार्चपर्यंत थांबायला सांगितलं. हा निर्णय आजही बरोबर वाटतो. चुका झाल्या त्या पुढच्या पायरीवर.

फिल्म कशावर काढायची, हा दुसरा प्रश्न. कपाटात लिथ फिल्मचे दोन डबे निघाले, वीस वर्षांपूर्वीचे. एक तुकडा उजेड न दाखवताच डेव्हलप केला तर राखाडी धुक्यासारखा आला. ते डबे बाद. राहिले फोटोचा कागद आणि एक्स-रे फिल्म. कागद निगेटिव्ह म्हणून चालतो, पण त्याचा वेग, म्हणजे उजेड टिपायची तत्परता, आयएसओ पाच-सहाच्या आसपास, हॅलोजनच्या पिवळट उजेडात त्याहूनही कमी. एक्स-रे फिल्म त्याच्या कितीतरी पट वेगवान, लाल दिव्यात हाताळता येते आणि दवाखान्यांना माल पुरवणाऱ्यांकडे बारा बाय पंधराची खोकी मिळतात. फक्त तिला दोन्ही बाजूंनी इमल्शन (उजेड टिपणारा थर) असतं, ट्रेमध्ये नुसतं घासलं तरी ओरखडा पडतो. मी कागद निवडला. माझ्या ओळखीचं साहित्य, एवढंच कारण. सोयीला मी शहाणपणाचं नाव दिलं.

काय केलं: पहिली फेरी

मे महिन्यात सुरुवात केली, कारण मला तेव्हा वेळ होता. सोलापुरात मे महिन्यात डार्करूम चालवायची म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. नळाला पाणी काही दिवसांआड, ते ड्रममध्ये साठवायचं. पत्र्याखाली ठेवलेल्या ड्रममधलं पाणी दुपारी चौतीस अंशांवर. डेव्हलपरला वीस अंश हवेत. बर्फाच्या लाद्या आणून, पिशव्यांत बांधून ट्रेखाली सरकवायच्या. पहिल्या पाच मिनिटांत सोळा अंश, पुढच्या वीस मिनिटांत सव्वीस. एकाच दुपारच्या तीन निगेटिव्ह तीन जातींच्या निघायच्या.

कॅमेरा आधी जुळवावा लागला. भाता पसरून आत दिवा लावला आणि बाहेर अंधार केला, तर काळ्या कापडावर चांदण्या दिसाव्यात तशी छिद्रं. रिक्षाचे हूड शिवणाऱ्याने घड्यांच्या कोपऱ्यांत आतून पातळ रेक्झिन डकवून दिलं. फिल्म ओढून धरणारा व्हॅक्यूम पंप मेलेला होता. त्याऐवजी चार कोपऱ्यांना दोन बाजूंनी चिकटणारी टेप.

मग माणूस बसवायचा प्रश्न. अर्ध्या आकारात, म्हणजे ५० टक्क्यांवर, चेहरा-खांदे बसतात. ४८० च्या लेन्सला तेव्हा भाता ७२ सेंटिमीटर लागतो आणि माणूस लेन्सपासून १४४ सेंटिमीटरवर. पण तिथे तर रूळ! आम्ही शेजारी जमिनीवर स्टूल टाकलं. फोटो हललेले येत राहिले. अण्णा दोन दिवस गप्प बसून बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी रुळाखालचा जाड स्प्रिंग दाखवला. हा सगळा सांगाडा स्प्रिंगवर तोललेला असतो, शेजारी मशीन चालू असताना कॅमेरा आणि कॉपी दोघं मिळून थरथरावीत, एकमेकांच्या हिशेबात स्थिर राहावीत म्हणून. आम्ही कॅमेरा स्प्रिंगवर आणि माणूस जमिनीवर ठेवला होता. रुळांवर आडवी फळी टाकून तिच्यावर बसवल्यावर थरथर गेली.

माणसाचं हलणं मात्र राहिलं. एफ/१६ ला, भात्याच्या लांबीमुळे सव्वादोन पट वाढलेल्या एक्स्पोजरसह, कागदाला पंधरा ते वीस सेकंद लागत होते. एवढं थांबूनही धारदार पट्टा जेमतेम चार सेंटिमीटर खोल. डोळा नीट आला की कान विरघळलेला.

पहिला फाटा: कुंकू

जूनमध्ये एक बरी निगेटिव्ह निघाली. साधारण पन्नाशीच्या एक बाई, तीस वर्षं विड्या वळलेल्या. पंधरा सेकंद दगडासारख्या बसल्या होत्या. प्रिंट काढला. आम्हाला तो फार आवडला, जुन्या काळचा वाटावा असा. संध्याकाळी त्यांना दाखवला. त्यांनी उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला, मग बोट कपाळावर टेकवलं.

"कुंकू काळं केलंत व्हय?"

कागद फक्त निळा प्रकाश बघतो, थोडाफार हिरवा. लाल त्याच्या लेखी काळोखच. कुंकू, ओठ, हळदीचा पिवळा, उन्हात रापलेली कातडी, सगळं खऱ्याहून गडद येतं. यावर फिल्टरचा उपाय चालत नाही, कारण जे साहित्याला दिसतच नाही ते कोणत्याही काचेतून दिसणार नाही. हे मला पाठ होतं, मुलांना मी तेच शिकवतो. पण ज्यांचे यजमान जिवंत आहेत अशा बाईच्या कपाळावर ते काय होऊन बसतं, हे फोटो दाखवायच्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या रागावल्या नाहीत. "दुसरा काढा," एवढंच म्हणाल्या. प्रिंट मात्र घरी नेला नाही.

इथे तिघांत खरा वाद झाला. मुलीचं म्हणणं, आधी समजावून सांगू आणि मग काढू. हा परिणाम हीच या साहित्याची भाषा आहे. माझं म्हणणं, लाल बघणारी मोठ्या आकाराची फिल्म बाहेरून मागवू. खर्चाचा हिशेब केला तर एका खोक्यात सगळं बजेट जात होतं. अण्णा म्हणाले, चेहरे बंद करा. पाऊस सुरू झाला होता. आम्ही निर्णय पुढे ढकलला आणि काम थांबलं ते ऑक्टोबरपर्यंत. खरं सांगायचं तर ते आपोआप थांबलं, आम्ही थांबवलं नाही.

दुसरा फाटा: चार बोटं

दिवाळीनंतर पाणी आपोआप तेवीस-चोवीस अंशांवर आलं. आता एक्स-रे फिल्म आणली. तिची सवय व्हावी म्हणून सपाट वस्तूच घ्यायची ठरवली: मयूर नक्षीची जुनी चादर, १:१, म्हणजे खऱ्या आकारात; त्यासाठी भाता ९६ सेंटिमीटर आणि चादरही लेन्सपासून तेवढ्याच अंतरावर. फ्रेमच्या एका कोपऱ्याची पकड सैल होती. मागचा फळा काढून नुसती काच ठेवली होती, म्हणून अण्णांनी मागून हाताने चादर काचेला दाबून धरली. एफ/३२, चार सेकंद.

डेव्हलपरमध्ये चादर वर येऊ लागली. निगेटिव्ह असली तरी दिसत होतं की प्रत्येक धागा वेगळा आहे, ताणा कुठला आणि बाणा कुठला ते मोजता येईल असा. लाल मोर काळा पडणार होता, निळी जमीन जवळजवळ पांढरी. नक्षी ओळखीची, पण उलट्या उजेडातली. आणि कोपऱ्यात चादरीच्या कडेवरून काचेवर आलेली अण्णांची चार बोटं. खऱ्या आकाराची. हायपोने, म्हणजे फिल्म पक्की करायच्या रसायनाने, वर्षानुवर्षं चिरत गेलेली नखांच्या कडांची कातडी, एका बोटावर जुन्या भाजल्याचा डाग.

मुलगी बराच वेळ लाल दिव्याखाली ट्रेवर वाकून उभी होती. मग म्हणाली, "अण्णा, हात कॉपी केला की आपण."

त्या दिवसापासून आम्ही चेहरे सोडले आणि हात घेतले. गणितही आता कॅमेऱ्याच्या बाजूने होतं. १:१ वर एफ/३२ ला अडीच सेंटिमीटर खोली मिळते; काचेला टेकवलेल्या तळव्याला तेवढी पुरते. काचेच्या आधाराने हात चार सेकंद हलत नाही. दिवे कॉपीला लावतात तसेच, दोन्हीकडून पंचेचाळीस अंशांत. सांभाळायच्या गोष्टी दोनच. तळवा दाबला की रक्त मागे सरतं आणि कातडी सपाट पांढरी दिसते, म्हणून "नुसतं टेकवा, दाबू नका". आणि चार हजार वॉटने काच तापते, म्हणून दिवे फक्त टायमरपुरते. फोकस साध्या बल्बवर.

जूनमधल्या त्या बाई पुन्हा आल्या. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, पान कापायच्या कात्रीचं कडं जिथे बसतं तिथे, अर्धा रुपया मावेल एवढा घट्टा. काचेवर तो अंगठीच्या खुणेसारखा उमटला.

छपाईसाठी सायनोटाइप घेतला. निगेटिव्हच्या आकाराचाच प्रिंट हवा होता, त्यामुळे एन्लार्जरची (निगेटिव्ह मोठी करून छापायच्या यंत्राची) गरज नव्हती, आणि उजेड सोलापुरात फुकट. लोखंडाच्या क्षारांचा लेप दिलेला कागद, त्यावर निगेटिव्ह, वर काच, गच्चीवर आठ-दहा मिनिटं. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये काढलेली पद्धत, फक्त पाण्यात धुऊन पक्की होते. आमचं बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी, त्यात निळा रंग उडायचा. पहिल्या धुण्यात चमचाभर व्हिनेगर घातल्यावर टिकला. एक्स-रे फिल्मच्या मागच्या बाजूचं इमल्शन घरगुती ब्लीचने उतरवून काढलं की धार दिसण्याइतकी वाढते. हे सगळं हायपो पूर्ण धुऊन झाल्यावर, खिडकी उघडी ठेवून आणि वेगळ्या ट्रेमध्ये करायचं. आम्लधर्मी हायपोत ब्लीच मिसळलं तर क्लोरीन सुटतो.

निकाल

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ब्याण्णव फिल्म खर्ची पडल्या. त्यांतल्या त्रेचाळीस ठेवण्याजोग्या: एकोणतीस हात, बाकी चादरी, टॉवेलचे तुकडे, लेबलांचे जुने ब्लॉक. मे-जूनच्या कागदी निगेटिव्हपैकी एकही आम्ही प्रदर्शनात ठेवली नाही. प्रदर्शन म्हणजे छापखान्याच्या रिकाम्या झालेल्या हॉलमध्ये तीन दिवस दोऱ्यांवर लटकवलेले निळे प्रिंट.

प्रत्येकाला स्वतःच्या हाताचा एक प्रिंट द्यायचं कबूल केलं होतं. त्या बाईंनी आपला प्रिंट टेबलावर ठेवला, त्यावर उजवा हात पसरला, बोटाला बोट जुळवलं आणि शेजारणीला हाक मारली. हा मात्र त्यांनी घरी नेला.

मार्चमध्ये जागा गेली. लेन्स विकली नाही, पण मालकांची तक्रार रास्त आहे: वर्षभर पैसा अडकला, आणि व्यापाऱ्याने नंतर भाव उतरवला. लेन्स, भाता आणि टक्क्यांची पितळी पट्टी आता माझ्याकडे आहे. सुताराची पेटी अर्धी झाली आहे. रूळ भंगारात गेले. काट्यावर सहाशे ऐंशी किलो भरले. वापरलेला हायपो चांदी काढणाऱ्याला दिला, गटारात सोडला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

सुरुवात नोव्हेंबरलाच. माझा वेळ बघून महिना ठरवला, पाण्याचा विचारच केला नाही, तिथे पहिलं पाऊल चुकलं.

पहिल्या आठवड्यात माणूस बसवायचाच नाही. आधी त्याच्या सवयीची कामं द्यायची: कागद, कापड, जाळी, पान. यंत्र कशात हुशार आहे ते बघायचं. हे अण्णांनी पहिल्या दिवशी दोन वाक्यांत सांगितलं होतं.

साहित्याला लाल दिसत नसेल तर ते बसणाऱ्याला आधी दाखवायचं, आणि तोंडी सांगून भागवायचं नाही. एक कुंकवाची डबी आणि एक निळा रुमाल यांची टेस्ट काढून हातात द्यायची, मग विचारायचं. मुलीचं मत आजही वेगळं आहे. तिच्या मते आधी दाखवलं असतं तर काही बायका चेहऱ्यालाही हो म्हणाल्या असत्या, आणि आम्ही भिऊन ती वाट सोडली. ती चूक आहे असं मी म्हणू शकत नाही.

लेन्सबद्दल व्यापाऱ्याशी लेखी बोलणं करायला हवं होतं, भाव आणि तारीख दोन्ही.

आणि एक राहून गेलं. डार्करूमच्या भिंतीवर अण्णांनी एकोणीस वर्षांत पेन्सिलीने तक्ता लिहिला होता: टक्का, भात्याची लांबी, सेकंद, आणि कुठे कुठे तेलुगूत एखादा शेरा. भिंत पाडायच्या आदल्या दिवशी आम्ही मोबाइलवर तिचे फोटो काढले. तक्त्याचा खालचा तिसरा हिस्सा सिंकच्या मागे होता, आणि सिंक हलवायला त्या दिवशी माणसं नव्हती.